सात भाच्यांचं रडं

नाना जामेरांना जिवंतपणीच आपल्या मयतीचं रडं रेकॉर्ड करून हवं होतं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी हसलो नाही. एक तर ते माझ्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले होते, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या मांडीवर कोऱ्या कॅसेटींचं सीलबंद खोकं होतं. साल चौऱ्याऐंशी. आमच्या घानातल्या कुमासीत तेव्हा साबण मिळत नव्हता, साखर मिळत नव्हती, बल्ब गेला तर लोक शेजाऱ्याच्या ओसरीवरचा काढून आणत. कोऱ्या कॅसेटींचं तर नावच काढू नका. माझ्याकडे चालू स्थितीतल्या दोन होत्या आणि त्यांच्यावरच मी तीन वर्षं सगळ्या गावाची गाणी भरत होतो आणि पुसत होतो.

"काम झालं की खोकं तुझं, मास्टर," नाना म्हणाले.

"नाना, कल्पना उत्तम आहे," मी म्हणालो.

माझ्या खोलीच्या दारावर 'बोआदू इंटरनॅशनल साउंड' अशी पाटी होती. इंटरनॅशनल अशासाठी की एकदा टोगोहून एक गिऱ्हाईक आलं होतं. ते पत्ता चुकून आलं होतं, पण पाटीवर तेवढं कोण लिहितं? आत एक पलंग, भिंतींवर चिकटवलेले अंड्यांचे रिकामे ट्रे, दाराला टेकवलेली गादी आणि दोन कॅसेट मशिनी. एक हॅम्बुर्गला राहणाऱ्या चुलतभावानं पाठवलेली, दुसरी एका परत गेलेल्या पाद्र्याची. मधे मी स्वतः बनवलेला मिक्सर. त्याला चार बटणं होती, त्यातली दोन चालायची. उरलेली दोन गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मी अधूनमधून फिरवत असे.

नानांची अनलोगा भागात लाकडाची वखार होती. शवपेट्यांच्या फळ्या बहुतेक त्यांच्याकडूनच जात, त्यामुळे गावात कोण गेलं हे त्यांना घरच्यांच्या बरोबरीनं कळायचं. दर शनिवारी काळं कापड गुंडाळून ते मयतीला हजर, आणि परत येताना गुण द्यायचे. मंडप दहापैकी सात, ढोल आठ, रडं तीन. रड्याला त्यांनी कधी कुणाला पाचाच्या वर दिले नाहीत. त्यात त्या वर्षी त्यांचा एक जुना लॉरीमालक मित्र गेला आणि त्याच्या भाच्यांनी च्युइंगम चघळत शोक केला. नाना त्या रात्री जेवले नाहीत म्हणे.

"माझ्यामागं असलं काही व्हायला नको," ते मला म्हणाले. "मी स्वतः ऐकणार, पास करणार आणि कुलपात ठेवणार. त्या दिवशी फक्त बटण दाबायचं. आणि गर्दी पाहिजे, मास्टर. एकट्यादुकट्याचं रडं नको. सगळं कूळ फुटून रडतंय असं वाटलं पाहिजे."

"रडणार कोण?"

"सात भाच्या काय शोभेला आहेत? मी सांगून ठेवलंय, सगळ्यांदेखत. जी रडेल, तिला बांतामाचं घर."

आता बांतामाचं घर म्हणजे खालीवर मिळून सहा खोल्या, मागं विहीर, वर पत्रा नवा. आमच्यात माणूस आईच्या कुळाचा. मामाचं जे असेल ते बहिणीच्या लेकरांचं, बायकोनं ते हयातभर झाडायचं आणि नवरा गेला की चाळीस दिवसांनी बोचकं बांधून निघायचं. कुणाला वेगळं काही द्यायचंच असेल तर जिवंतपणी, चार जाणत्यांसमोर तोंडानं सांगायचं, आणि घेणाऱ्यानं तिथंच आभाराची बाटली ठेवायची. बाटली उघडली की विषय संपला, मग देवाच्या बापाला ते फिरवता येत नाही. नानांची बायको दुफिए चौतीस वर्षं त्या घरात होती. घर बांधताना नदीवरची वाळू तिनं डोक्यावरून आणली होती. तिला मूलबाळ नव्हतं.

शनिवारी दुपारी सातही भाच्या माझ्या खोलीत आल्या. रेकॉर्डिंग म्हणजे फोटोही काढणार असं कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण सगळ्या नटून आल्या होत्या. नाना खुर्चीवर बसले, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी. सुरुवात करण्याआधी त्यांनी जिनची बाटली काढली आणि पितरांसाठी जमिनीवर धार धरली.

"वाडवडिलांनो, प्या," ते म्हणाले. "हे खरं नाही, ही तालीम आहे. कुणी मला न्यायला यायचं नाही. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना शेजारच्यांनी समजावून सांगा."

जमीन म्हणून त्यांनी जी जागा निवडली तिथं माझा वायरीचा बोर्ड होता. फट् असा आवाज झाला, पाद्र्याची मशीन बंद पडली आणि खोलीत जळक्या रबराचा वास सुटला. पुढचा तासभर मी पाना घेऊन जमिनीवर आणि भाच्या माझ्या पलंगावर. त्यांनी माझा सगळा पलंग चुरगळला आणि माझ्या वरणभाताची चौकशी केली, म्हणजे मी लग्न का करत नाही हे विचारलं.

मशीन चालू झाली तरी रडं काही चालू होईना.

"कोनामा, तू मोठी. तू सुरू कर," नाना शेंगदाणा सोलत म्हणाले.

"मामा, जित्या माणसासाठी जिचं पहिलं टिपूस पडेल, मरण तिच्याकडे वळतं म्हणतात," कोनामा म्हणाली. ती कापडाच्या दुकानात होती, बोलण्यात पक्की. "मला तीन पोरं आहेत. धाकटीला सांगा, तिचं लग्न व्हायचंय."

"वा गं ताई," धाकटी बिरागो म्हणाली. "घर घ्यायला मोठी आणि मरायला धाकटी का?"

"तोंड बघ कुणाचं. घर घेणार म्हणे."

"सगळ्या एकदम सुरू करा," मी तोडगा काढला. "मी तीन म्हणतो."

मी तीन म्हणालो. सातजणींनी एकमेकींकडे बघितलं. प्रत्येकीनं दुसरीची वाट बघितली. मग बिरागोला हसू फुटलं, आणि एकदा फुटलं म्हटल्यावर सगळ्याच खिदळायला लागल्या. "मामा समोर बसून शेंगा खातायत, रडायचं कसं हो मास्टर?" ती म्हणत होती. ती कॅसेट मी नंतर ऐकली. अकरा मिनिटं हसणं, मधे बांगड्या आणि शेंगदाण्यांचा कटकट आवाज. सोमवारी येतो, घरी सराव करून येतो, असं सांगून त्या गेल्या. जाताना कोनामानं मला दारात गाठलं आणि हळूच म्हणाली, "एवढी बटणं आहेत, त्यातल्या एखाद्यात रडं असेलच की. आमची नावं तेवढी घाल."

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी नानांचा निरोप आला की रविवारी चर्चनंतर कुळातले जाणते लोक कॅसेट ऐकायला येणार आहेत, कोंबड्या सांगून ठेवल्यात. मी डोक्याला हात लावून बसलो होतो. खोकं हातचं जाणार याचंच मला दुःख होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

गुरुवारी सकाळी दुफिएमावशी माझ्यासाठी उकडलेला यामचा कंद आणि पाल्याचं कालवण घेऊन आली. नानांनीच पाठवलं होतं. बाई किरकोळ, आवाज मात्र भरीव, चर्चमध्ये मागच्या बाकावरून गायची तरी पाद्री मान वर करून बघायचा. मी जेवता जेवता तिला सगळी कर्मकहाणी सांगितली. तिनं डबा झाकला आणि विचारलं,

"जी रडेल तिचं घर, असं म्हणालाय ना तो? सगळ्यांसमोर?"

"म्हणालेत."

"'जी भाची रडेल' असं नाही?"

मी आठवून बघितलं. "नाही. नुसतं 'जी'."

"मग लाव तुझी मशीन."

"मावशी, जित्या माणसासाठी रडलं की मरण येतं म्हणतात."

"चौतीस वर्षं त्याच्याबरोबर संसार केलाय," ती म्हणाली. "मरण आलं तर बसायला पाट देईन. लाव."

आणि ती रडली. मी त्या खोलीत बरीच गाणी भरली आहेत, दारूवरची, देवावरची, पळून गेलेल्या बायकांवरची. असलं काही भरलं नव्हतं. नानांच्या कुळाची नावं तिला सासूच्या तोंडून पाठ होती, नदीची, टेकडीची, सात पिढ्यांच्या आज्यांची. त्यांच्यामधे तिचे स्वतःचे शब्द येत होते. रात्री पाठ धरली की तेल लावायला कुणाला उठवशील. खोकला आला की कुणाच्या नावानं ओरडशील. वाळू मी आणली, भिंत तू बांधलीस, आता दार कुणी लावायचं. मी यंत्रावरची सुई बघायचं विसरून गेलो होतो. कॅसेट संपली तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "झालं का नीट? की परत करू?"

तिथंच मी थांबायला हवं होतं. ती एक बाई, ती एक कॅसेट, घेऊन सरळ नानांकडे जायचं. पण नानांना गर्दी हवी होती आणि मला माझी कारागिरी दाखवायची खाज होती.

"मावशी, गर्दी करावी लागेल," मी म्हणालो. "हीच कॅसेट मी इकडून वाजवतो, तुम्ही तिच्याबरोबर परत रडा, दोन्ही मिळून तिकडच्या मशीनवर भरतो. मग ती इकडं, परत तुम्ही. सात वेळा केलं की सात बायका."

"सगळ्या मीच?"

"सगळ्या तुम्हीच. पण नानांना मी सांगीन ना, काळजी नको."

"सांगशील?"

"आईशप्पथ."

संध्याकाळपर्यंत ती रडत होती. दर वेळी मी स्क्रूड्रायव्हर लावून मशीनचा वेग थोडा बदलत होतो. भरताना पट्टी हळू फिरवली की वाजवताना आवाज कोवळा लागतो, जलद फिरवली की जाड. एक आवाज कोनामाएवढा जाड केला, एक बिरागोसारखा नाकातला, बाकीचे मधले. दर फेरीला मागची सरसर वाढत गेली, शेवटी तर कढईत काहीतरी तळतंय असा आवाज येत होता. पण सात बायकांची गर्दी उभी राहिली होती. हे मी केलं, मी, दोन चालत्या बटणांवर, असं मला वाटत होतं.

मावशीनं शेवटची कॅसेट ऐकली. बराच वेळ ऐकली.

"यातली मी कुठली?" तिनं विचारलं.

"सगळ्याच."

"मला तर एकही सापडत नाही," ती म्हणाली आणि डबा घेऊन घरी गेली. घरी जाऊन तिला स्वयंपाक करायचा होता.

कॅसेटी दोनच होत्या हे मी सांगितलंच आहे. एकीवर सात बायका. दुसरीवर सहा बायका, आणि तिच्यावर मी शुक्रवारी मेथडिस्टांच्या कॉयरची तालीम भरली. एकटी मावशी शुक्रवारपर्यंत कुठंच उरली नव्हती. ती तर गुरुवारीच, तिसऱ्या फेरीला, पुसली गेली होती.

रविवारी बांतामाच्या घराच्या अंगणात जाणत्यांच्या खुर्च्या मांडल्या. समोर सात भाच्या, चेहरे उतरलेले, कारण आपण काही केलं नाही हे त्यांना माहीत होतं. मावशी मागं पेले आणि पाणी बघत होती. मी मशीन लावली, कर्णा लावला आणि बटण दाबलं. मनात ठरवलं होतं: आधी सगळ्यांना ऐकू दे, वाहवा होऊ दे, मग सांगू. वाहवा आधी, हे बघा, ठरवताना मी किती विचार केला होता.

एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. तिसऱ्या मिनिटाला नाना स्वतःच्या मयतीत ढसाढसा रडायला लागले.

"ही कोनामा," ते नाक शिंकरत म्हणाले. "ऐका, ही कोनामा. आणि ही बिरागो, हिचं लहानपणापासून नाक चोंदतं. अरे, मी खांद्यावर खेळवलंय यांना."

भाच्यांनी आधी एकमेकींकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाचव्या मिनिटाला त्यांना आपापले आवाज ओळखू यायला लागले. सहाव्या मिनिटाला कोनामानं पदर डोळ्याला लावला. बिरागो शेजारच्या म्हातारीला सांगत होती की रडून रडून दोन दिवस घसा बसला होता.

"ती मागं सरसर कसली रे?" एका जाणत्यानं विचारलं.

"गर्दी आहे ना, कपड्यांची सळसळ," मी म्हणालो. तेही मीच म्हणालो.

कॅसेट संपली आणि नाना काठी टेकत उभे राहिले. "मी म्हणालो होतो, जी रडेल तिचं घर. सातही रडल्या. घर सातजणींचं. साक्षीला तुम्ही सगळे."

ज्या गावात लुगडं धुवायला साबण नव्हता तिथं त्या क्षणाला सात पिशव्यांतून जिनच्या सात बाटल्या निघाल्या. प्रत्येकजणी एकेक, बाकीच्या सहा जणींच्या नकळत, असावी म्हणून घेऊन आली होती. अंगणात जरा हशा पिकला. मागं मावशी हातात पेल्यांचं तबक घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. बोलायचं मी होतं.

मी उठलो. पण सगळ्यांसमोर नाही बोललो. नानांच्या कानाशी लागलो आणि एक मिनिट आत येता का म्हणून त्यांना ओसरीवर नेलं.

"नाना, त्यातल्या एकीचाही आवाज भाचीचा नाही," मी म्हणालो. "सगळी दुफिएमावशी आहे. सात वेळा भरली. शब्द ऐका ना, पाठीला तेल लावायचं भाच्यांना काय माहीत?"

मला वाटलं ते ओरडतील, काठी उगारतील. त्यांनी रुमालानं डोळे पुसले, घडी घातली, खिशात ठेवला.

"मास्टर, मला काय कान नाहीत? चौतीस वर्षं त्या आवाजानं उठतोय मी. तेलावर आलं तेव्हाच कळलं."

"मग बाटल्या उघडायच्या आत सांगा ना."

"काय सांगू? जामेराच्या मयतीला त्याच्या कुळातलं काळं कुत्रं रडलं नाही, म्हणून परक्या कुळातली बायको सात वेळा रडली? या लोकांसमोर? उद्या सगळी वखार हसेल." ते अंगणाकडे बघत होते. "मला गर्दी हवी होती. तू दिलीस. चांगली दिलीस."

"आणि मावशी?"

"तिचं मी बघीन. अजून मेलोय कुठं?"

त्यांनी आतून खोकं आणलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. सांगायला लाज वाटते, पण घेतलं, आणि दोन्ही हातांनी घेतलं. बाहेर पहिली बाटली उघडली होती.

दुसऱ्या दिवशी मावशी खोलीवर आली. डबा नव्हता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, तिचं मी बघीन."

तिनं मान हलवली. असली वाक्यं तिनं आयुष्यात बरीच ऐकली असावीत. "मी एकटी रडले होते ती पहिली पट्टी दे. मी जाणत्यांकडे घेऊन जाते."

"पुसली, मावशी. तिच्यावरच पुढची भरली."

"मग मी त्यांच्यासमोर रडून दाखवते. आवाज जुळेल की."

"नाही जुळणार. मी वेग बदलला होता. सातातला एकही तुमच्यासारखा लागत नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली. कोऱ्या कॅसेटींचं खोकं तिथंच होतं, तिनं ते जरा बाजूला सरकवलं.

"एवढं चांगलं काम कशाला केलंस रे, बाबा?" ती म्हणाली.

मी खोकं उचलून पलंगाखाली ठेवलं.

नानांनी तिचं बघायला सात महिने घेतले आणि मग गेले. वखारीत फळीच्या मापावरून एका सुताराशी वाद घालत होते, त्यातच. वाद ते जिंकत होते असं सुतारही कबूल करतो. भाच्यांनी मयत दणक्यात केली. मंडप दहापैकी नऊ, ढोल नऊ. मला आठवडाभर आधी बोलावणं आलं, चार कर्णे लावायला सांगितले, दोन अंगणात आणि दोन रस्त्याकडे तोंड करून.

शनिवारी सकाळी बटण दाबलं. बांतामाचा अर्धा रस्ता रड्यानं भरून गेला. बसमधली माणसं माना बाहेर काढून बघत होती. आणि रडायला मशीन असल्यामुळे भाच्या मोकळ्या होत्या. लाल-काळ्या कापडात, ताज्या वेण्या घालून, त्या पाहुण्यांना बसवत होत्या, सरबत हवं नको बघत होत्या, कुणाच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते बोलत होत्या. खोल्यांची वाटणी आधीच झाली होती. सात जणी आणि सहा खोल्या, म्हणून स्वयंपाकघर बिरागोला दिलं होतं आणि तिनं त्याला सकाळीच कुलूप घातलं होतं. येणारा प्रत्येक माणूस कर्ण्याकडे बोट करून म्हणत होता, काय जीव होता हो भाच्यांचा मामावर.

दुफिएमावशी विधवेच्या चटईवर बसली होती. काळं कापड, मनगटाला दोरा, हात मांडीवर. डोळे कोरडे ठणठणीत. मी मशीन घेऊन तिच्यापासून चार हातांवर होतो. तासभर झाला, दोन तास झाले, तिचं एक टिपूस पडलं नाही. बाया बोलायला लागल्या, आणि तिला ऐकू जाईल अशाच बोलत होत्या. चौतीस वर्षं खाल्लं त्याचं, आणि बघा. पोरीबाळी ऊर फोडतायत आणि ही बसलीय भिंतीसारखी. मूल नाही ना, माया कुठून येणार. उद्या बोचकं बांधायचं तर आजच कशाला रडा, असा हिशेब असेल.

माझ्या हातात माइक होता. पाहुण्यांची नावं पुकारायला दिला होता. बटण वर केलं की चार कर्ण्यांतून अख्ख्या बांतामाला ऐकू गेलं असतं. मी तो हातात धरून बसलो आणि वेळ आली की नावं पुकारत राहिलो. मला पुढच्या शनिवारची दोन कामं तिथंच मिळाली होती. दोघांनाही असंच रडं हवं होतं, जिवंतपणीच.

शेवटी शेजारच्या घरातली एक बाई, मनानं वाईट नव्हती, मावशीजवळ सरकली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माउली, थोडं तरी रड की गं. लोक नावं ठेवतायत."

कर्ण्यातून तेव्हा वाळूचं कडवं चाललं होतं.

"रडतेच आहे की," मावशी म्हणाली. "ऐक."

त्या बाईनं कर्ण्याकडे बघितलं, मग मावशीकडे बघितलं. मग ती उठली आणि पलीकडच्या बायांना सांगायला गेली, की बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय.